गुणक महोदयांना अनावृत पत्र

प्रति,
मा. गुणक महोदय,
मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, सर्व जिल्हे.

विषय : आपल्या निर्दोष गुणाकारात भरल्या जाणाऱ्या सदोष आकड्यांबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आपल्या वर्तणुकीबद्दल अर्जदाराची कसलीही तक्रार नाही. सरकारी आवारात इतकी वर्षे बसूनही आपण कुणाचा चहादेखील घेतलेला नाही. बदलीसाठी मंत्रालयाचे उंबरे झिजवलेले नाहीत. रस्त्यावर गेलेला माणूस 31 ते 35 वर्षांचा असेल तर आपण 16 होता, 41 ते 45 चा असेल तर 14, पासष्टी ओलांडलेला असेल तर 5. तो आमदाराचा भाचा होता की ऊसतोडीला आलेला मजूर, हे आपण विचारत नाही. हा गुण हल्ली दुर्मिळ असल्याने आरंभीच त्याची नोंद घेतली आहे.

आपले घराणे तसे विलायती. 1942 साली एका कोळसा खाण कंपनीविरुद्धच्या दाव्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने वापरलेली ही रीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये उचलून धरली. तरी पुढची पंधरा वर्षे जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे आपला आकडा ठरवत राहिला. अखेर 2009 मध्ये सरला वर्मा खटल्याच्या निकालात वयानुसार पक्का तक्ता आला. त्या खटल्यातला 38 वर्षांचा कृषी शास्त्रज्ञ एप्रिल 1988 मध्ये दिल्लीत अपघातात गेला होता; निकाल लागला एप्रिल 2009 मध्ये. एकवीस वर्षांत पाळण्यातले पोर स्वतः दुचाकी चालवायला लागते. पण तक्ता आला, हे काय थोडे झाले?

आपली रीत वाचकांसाठी एकदा फळ्यावर मांडू. समजा, चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला 32 वर्षांचा फिटर रात्रपाळीहून परतताना ट्रकखाली गेला. कमाई महिना 20 हजार. मागे बायको, दोन मुले आणि आई. प्रणय सेठी खटल्यातल्या 2017 च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी 40 टक्के मिळवतात. झाले 28 हजार. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. इथे आपण पुढे सरसावता : गुणिले 16. बरोबर 40 लाख 32 हजार. अंत्यविधी आणि सहवास हरपल्याचे ठरलेले आकडे वर वेगळे. निवृत्तीला 28 वर्षे होती, मग सोळाच का, असे त्याची आई विचारेल. एकरकमी पैशावर व्याज मिळते आणि आयुष्याचा तसाही भरवसा नसतो, हे त्याचे कायदेशीर उत्तर. पैकी दुसरा भाग तिला कोर्टाने समजावून सांगण्याची गरज नसावी.

इथवर सगळे ठीक. गोम आहे ती आपल्या शेजारी बसणाऱ्या गुण्यात.

फिटरची बायको साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. विमा कंपनीचे वकील विचारतात, पगाराची पावती आहे का? नाही, ठेकेदार रोख द्यायचा. हजेरीपत्रक? ठेकेदाराकडे. ठेकेदार? तो अपघातानंतर फोन उचलत नाही. मग टंकलेखक टाइप करतो : ‘हे म्हणणे खरे नाही की, माझ्या पतीस दरमहा वीस हजार रुपये उत्पन्न नव्हते.’ उलटतपासाची ही भाषा अर्जदाराला फार आवडते. आरोप वकिलाचा, नकार बाईचा आणि वाक्य असे की वाचणाऱ्याने कागद दोनदा उलटापालटा करावा. अखेरीस पुरावा नाही म्हणून उत्पन्न अंदाजे 10 हजार धरले, तर वरचे गणित 20 लाख 16 हजारांवर येते. माणूस तोच, ट्रक तोच, आपणही तेच 16. एका कागदाअभावी निम्मी रक्कम गळाली.

वास्तविक असल्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे. बँकेचे पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयचे कार्ड, शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्याची साक्ष, यातले काहीही चालते. पण तो शेजारी साक्षीला आला तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो, आणि बुडालेल्या रोजाला आपल्या तक्त्यात रकाना नाही.

आता गृहिणी. तिच्या बाबतीत गुण्यच सापडत नाही, कारण पहाटे पाचला उठून रात्री अकराला आडवे होणाऱ्या बाईला कुणी पावती देत नाही. 1994 पासून कायद्याच्या परिशिष्टात तिची किंमत सोपी करून ठेवली होती : नवऱ्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. म्हणजे नवरा कलेक्टर असेल तर बाईची पोळी महाग, नवरा शिपाई असेल तर स्वस्त. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणकुमार अग्रवाल खटल्यात आणखी एक सरकारी रत्न उजेडात आणले. 2001 च्या जनगणनेत स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन करणाऱ्या गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर बिनकमाईच्या गटात बसवले होते. जानेवारी 2021 मध्ये कीर्ती खटल्यात न्यायालयाने गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरणे आणि त्यात भविष्यातली वाढ मिळवणे उचित ठरवले. आपण तिलाही तितक्याच निष्ठेने गुणता, याबद्दल आभार.

जो अपघातातून वाचतो त्याच्याशी आपला व्यवहार जरा गुंतागुंतीचा असतो. सिव्हिल सर्जन 60 टक्के अपंगत्वाचा दाखला देतात आणि कंपनी म्हणते, घ्या 60 टक्के. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ छान सोडवला. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास शंभर टक्के जाते. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकू शकते. मोजायची ती कमाई, हाड नव्हे. तरीही दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा गणितात बसवण्याची खटपट थांबलेली नाही, कारण तो आयता असतो.

दोषाचे सांगायचे तर, घटनास्थळाच्या पंचनाम्यावर हवालदाराने चार रेघांत काढलेला नकाशा लाखमोलाचा असतो, अगदी शब्दशः. मोटारसायकल मध्यरेषेला लागून दाखवली आणि फिटरची 25 टक्के चूक ठरली, की 40 लाख 32 हजारांतून 10 लाख 8 हजार वजा. अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला कळवावी, असा नियम आता आहे. घरच्यांनी त्या 48 तासांत शवागाराबाहेर उभे असताना रस्त्याचे फोटो काढून ठेवावेत, असे मात्र कुणी त्यांना सांगत नाही.

आणि दावा टाकण्याची मुदत. 1994 मध्ये काढून टाकलेली मुदत 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली : अपघातापासून सहा महिने. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी वर्षश्राद्धापर्यंत थांबू नये. एक सवलत मात्र खरोखर उदार आहे. अपघात चाकणला झाला तरी फिटरची बायको माहेरी लातूरला राहायला गेली असेल, तर ती लातूरलाच दावा टाकू शकते. ही गोष्ट तिला बहुधा कंपनीकडून कळत नाही.

कळते ती सरकारी दवाखान्याच्या आवारात, चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या गृहस्थाकडून. त्याच्या पिशवीत कोरी वकीलपत्रे असतात. ‘ताई, एक रुपया देऊ नका, निकालानंतर बघू,’ असे तो म्हणतो, आणि निकालानंतर खरोखरच बघतो. अमेरिकेत अपघाताचे वकील टीव्हीवर जाहिराती करतात आणि भरपाईतला हिस्सा उघड करार करून घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरातही मना आहे आणि निकालाच्या रकमेत वाटा ठरवणेही मना. त्यामुळे हा धंदा टपरीवर चालतो. वास्तविक 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बहुधा त्याच न्यायालयाच्या आवारात असते. दारावर पाटी असते, टपरीवर माणूस असतो. ताई माणसाकडे जातात.

विमा कंपनीची शेवटची ढाल म्हणजे ट्रकचालकाचा परवाना. तो चुकीच्या वर्गाचा निघाला की कंपनी हात वर करते. त्यावर 2004 मध्ये स्वर्णसिंग खटल्यापासून न्यायालयांचे उत्तर बहुतेक वेळा असे : आधी कुटुंबाला द्या, मग मालकाकडून वसूल करा. मालकाचे आणि कंपनीचे पुढे काय होते, यात फिटरच्या आईला रस नाही.

सबब विनंती की, आपण एकदा राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी जातीने हजर राहावे. त्या दिवशी कंपनीचे अधिकारी अतिशय गोड बोलतात. ‘बारा लाख घ्या वहिनी, केस आणखी पाच वर्षे चालेल,’ असा आकडा पुढे येतो. तिथल्या तडजोडीवर अपील नसते. बाईच्या हातातल्या नोटिशीची मागची बाजू कोरी असते आणि पेन कुणाकडेही मिळते. अंगठा उठण्याआधी आपण तेवढे तिथे उमटावे : 21 हजार, गुणिले 12, गुणिले 16. मग बारा लाख घ्यायचे की नाही, हे तिचे तिला ठरवू द्यावे.

कळावे,
अर्जदार

ता. क. : धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर आपला संबंध येत नाही. तिथे 2022 च्या योजनेप्रमाणे मृत्यूला ठोक 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार. 2022 साली देशात असे 67 हजारांवर अपघात नोंदले गेले. 2022-23 मध्ये या योजनेखाली आलेले दावे होते 205. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा असतो.