मूळ शीट कुणाची?

मिरज जंक्शनात एके काळी तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडून येणारी ब्रॉडगेज, बेळगावकडून येणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे डुलत येणारी अडीच फुटांची नॅरोगेज, बार्शी लाइट. ऐंशीच्या दशकात मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा आमच्या खोलीत तिन्ही गेज नांदत होते. मी कराडचा, म्हणजे ब्रॉडगेजचा. दुसरा बेळगावचा. तिसरा कवठेमहांकाळचा. तो दर सोमवारी बार्शी लाइटनं यायचा, आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन, आणि उशीर झाला की सगळा दोष गाडीवर घालायचा. गाडी बिचारी आषाढीला टपावर वारकरी घेऊन पंढरीला जाणारी. तिला घाई कसली ठाऊक असणार?

तीन गेज एकत्र आले की जंक्शनात एक काम वाढतं. एका मापाच्या डब्यातला माल उतरवायचा आणि दुसऱ्या मापाच्या डब्यात भरायचा. आमचा अभ्यास म्हणजे निव्वळ हीच हमाली. बेळगावच्या गड्याला लाप्लास ट्रान्सफॉर्म एका वाचनात कळायचा, पण समजावून सांगायला बसला की मधल्या चार पायऱ्या गाळून थेट उत्तरावर उतरायचा आणि वर विचारायचा, ‘‘कळलं न्हवं बे?’’ कवठेमहांकाळकर मान हलवायचा, वही घेऊन कोपऱ्यात जायचा आणि तासाभरानं त्या गळलेल्या पायऱ्या शोधून आणायचा. मग माझ्या शेजारी मांडी ठोकून म्हणायचा, ‘‘म्हंजे बघ...’’ या दोन शब्दांनंतर जे यायचं ते मला कळायचं. फळ्यावरून थेट माझ्या डोक्यात कधीच काही आलं नाही. जे आलं ते बेळगाव, कवठेमहांकाळ अशी गाडी बदलत आलं.

गणिताचं असं, मशीन ड्रॉइंगची तऱ्हा निराळी. तिथं समजून घ्यायला वेळच नसायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, त्यांवर खिडकीची निखळलेली काच आडवी टाकायची, खाली शंभरचा बल्ब लावायचा, काचेवर मित्राची पुरी झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेघा उजेडात वर उमटतात. त्यांवरून पेन्सिल फिरवायची. याला जीटी म्हणत, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. अभ्यासक्रमात नसलेला हा एकच विषय होता, ज्यात कुणीही नापास होत नसे. आणंदच्या चरोतर प्रकाशनाचं एन. डी. भट्टांचं पुस्तक आमच्याकडेही होतं, पण बहुतेक वेळ ते काच सरकू नये म्हणून कडेला दाबून ठेवलेलं असे. काच तापायची, कागद हाताला ऊन लागायचा आणि तळव्याची कड शिशानं काळी होऊन चमकायची. एक जण रेघ ओढी, दुसरा शीट धरून बसे, तिसरा चहा करता करता झोपी जाई. एकमेकांच्या तोंडाकडे कुणी पाहत नव्हतं; तिघांचीही नजर त्या उजळलेल्या कागदावर. माझं तर असं मत आहे, की समोरासमोर बसून झालेल्या मैत्रीपेक्षा अशी खाली मान घालून झालेली मैत्री जास्त टिकते. तिला बोलायला विषय लागत नाही.

मूळ शीट अर्थातच कवठेमहांकाळची असायची. एकदा त्यानं झोपेच्या भरात एका बेअरिंगच्या सेक्शनमध्ये नको तिथं एक तुटक रेघ मारली. ती रेघ आमच्याकडे आली, शेजारच्या खोलीत गेली आणि दोन दिवसांत सगळा मजला फिरून आली. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं होतं. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे ठरवताना जाणकार सारख्या चुका शोधतात. दोन लेखकू बरोबर स्वतंत्रपणे लिहू शकतात, पण तीच विचित्र चूक दोघांनी आपापली करणं कठीण. आमच्या सरांनी हे संशोधन वीस मिनिटांत उरकलं. शीटांची चळत चाळली, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘मूळ प्रत कुणाची, तेवढं सांगा. त्याला मार्क देतो, बाकीच्यांना आशीर्वाद.’’ कुणी तोंड उघडलं नाही. सरांनी सगळ्यांच्याच शीटांवर सही केली.

काच ज्याची त्याला परत गेली, बल्बही गेला, पण ट्रेसिंग तेवढ्यावर थांबलं नाही. बेळगावचा विचारात पडला की पेन्सिलीचं टोक दातांवर टकटक वाजवायचा. कवठेमहांकाळचा आता अस्सल पुणेकर झाला आहे आणि तोही तेच करतो. मी चहा बशीत ओतून पितो. कराडच्या आमच्या घरात असा चहा कुणीच पीत नाही, तेव्हा ही सवय कुठल्या गेजवरून आली ते उघड आहे. परवा मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही काहीही सांगायच्या आधी ‘म्हंजे बघ’ का म्हणता?’’ मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात तसं.

नॅरोगेजही पुढे रुंद झाली. आता कवठेमहांकाळकराला उशिराचा दोष गाडीवर घालायची सोय फारशी उरलेली नाही. तरी तो तिघांच्या भेटीला अजून सगळ्यांत शेवटी येतो, आणि अजून सोबत शेंगाचटणी असते. आल्या आल्या बेळगावचा त्याला त्या तुटक रेघेवरून चिडवतो आणि तो प्रत्येक वेळी तितकाच लाजतो.

एक गोष्ट मात्र तिघांपैकी कुणी काढत नाही. त्या वर्षी मशीन ड्रॉइंगमध्ये मला त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले होते. ते त्यानं माझ्याआधी बोर्डावर पाहिले होते, आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले होते.