पेटीत काय आहे, हे कुणी विचारतं का?

हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये (२००२) टोळीचा सौदा कोकेनचा होता. चार वर्षांनी मार्टिन स्कोर्सेसीने तीच गोष्ट बॉस्टनला नेली, ‘द डिपार्टेड’ बनवला, आणि त्या मोठ्या सौद्यात कोकेनऐवजी चोरीचे मायक्रोप्रोसेसर ठेवले. कथेचा एक टाकाही उसवला नाही. सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. ज्या कथेतून अमली पदार्थ उचलून तिथे संगणकाचे सुटे भाग ठेवले तरी काही बिघडत नाही, ती कथा अमली पदार्थांची कधी नव्हतीच. वेशांतर करून तस्करांत शिरलेल्या पोलिसाच्या बहुतेक सिनेमांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला मोठी वाटते.

सांगाडा मात्र जबरदस्त आहे. एक पोलीस स्वतःचं नाव टाकून दुसरं घेतो आणि टोळीत शिरतो. तो खरा कोण, हे एखाद्याच वरिष्ठाला ठाऊक. टोळी त्याची परीक्षा घेते, तो उतरतो, टोळीतलं कुणीतरी त्याला जीव लावतं. मग तो वरिष्ठ मरतो. आता नायक पोलीस आहे असं सांगणारा माणूस जगात उरलेला नाही. पाठलाग आणि गोळीबार कितीही असोत, या प्रकाराची खरी ताकद त्या एका मृत्यूत आहे. माणूस कोण आहे हे दुसऱ्या कुणाच्या तरी साक्षीवर अवलंबून असतं, ही भीती प्रत्येकाला कळते. त्यासाठी पोलीस असावं लागत नाही.

सलीम-जावेदनी हे नेमकं हेरलं होतं. ‘डॉन’मध्ये (१९७८) खरा डॉन मेला आहे आणि त्याच्या जागी विजय नावाचा साधा गाणारा-नाचणारा माणूस बसवला आहे, हे पोलिसांत फक्त डीएसपी डिसिल्वांना माहीत असतं. डिसिल्वा मारले जातात आणि विजयच्या मागे एकाच वेळी पोलीसही लागतात, टोळीही लागते. त्यात इंटरपोलचा अधिकारी म्हणून वावरणारा इसमच टोळीचा म्होरक्या निघतो. पटकथा म्हणून हे आजही शिकवावं इतकं घट्ट आहे. पण चंद्रा बारोट यांच्या या सिनेमाने सांगाड्यातला काटा अलगद काढून टाकला. विजय पोलीस नाही आणि गुन्हेगारही नाही. दोन निराधार मुलांची सोय होईल म्हणून तो हे सोंग पत्करतो. सोंग वठवताना त्याच्या हातून कुणाचं वाटोळं होत नाही. टोळीत राहून हात कोरे ठेवता येतात, असं हा सिनेमा आपल्याला सांगतो, आणि आपल्याकडच्या पुढच्या कितीतरी नायकांनी तेच गिरवलं.

‘इन्फर्नल अफेअर्स’ याहून प्रामाणिक आहे. तीन वर्षांसाठी म्हणून पाठवलेला माणूस दहा वर्षं होत आली तरी आतच आहे. टोळीने पोलिसांत पेरलेला अधिकारी शेवटी संगणकावरची त्याची नोंदच पुसून टाकतो. आत अडकलेल्या त्या पोलिसाचं काम करणाऱ्या टोनी लेउंगचा थकलेला चेहरा या एका कृतीसाठी पहिल्यापासून तयार केलेला आहे. (चीनच्या मुख्य भूमीत दाखवण्यासाठी या सिनेमाला वेगळा शेवट जोडला गेला. तिथे टोळीचा हेर सुटत नाही, त्याला अटक होते. कथेने विचारलेला प्रश्न सरकारी शिक्का मारून मिटवता येतो असं कुणालातरी वाटलं, याचं मला वाईट वाटतं.) तरीही इथेही कोकेनचं काम सौद्यापुरतंच. सापळ्याची खबर लागताच म्होरक्या मालाची विल्हेवाट लावायला सांगतो, आणि पुढच्या तासाभरात त्या मालाची आठवण कुणालाही येत नाही.

आता तो परीक्षेचा प्रसंग घ्या. टेबलावर पावडर आहे, समोर संशयाने बघणारे डोळे आहेत, आणि कुणीतरी म्हणतं, घेऊन दाखव. या सांगाड्यात अमली पदार्थ खराखुरा शिरण्याची हीच एक जागा असते, आणि नेमकी तिथेच पटकथा पळ काढते. फोन वाजतो, बाहेर मारामारी सुरू होते किंवा नायक हातचलाखी करतो. घेतलीच, तर पुढच्या दृश्यात तो ताजातवाना होऊन गाडी पळवताना दिसतो. पटकथाकारांनो, नशा अशी उतरत नाही, आणि त्या एका दृश्यानंतर तुमचा नायक पहिला माणूस राहायला नको.

१९९१ चा ‘रश’ तिथून पळाला नाही. किम वॉझनक्राफ्ट यांनी टेक्सासात गुप्त पोलीस म्हणून काम केलं होतं. त्या अनुभवातून त्यांनी कादंबरी लिहिली आणि लिली फिनी झॅनक यांनी त्यावर सिनेमा केला. दोन पोलीस गिऱ्हाईक बनून माल विकत घेत फिरतात. विक्रेत्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांच्यासमोर नशा करतात, आणि दोघंही तिच्या तावडीत सापडतात. वरून दबाव आहे की अमुक माणूस पकडलाच पाहिजे. पुरावा हाती लागत नाही, तेव्हा ते खोटा पुरावा उभा करतात. खलनायकाने काही करण्याआधीच कथा पोखरली गेलेली असते आणि पोखरणारी वस्तू तीच, जी पकडायला ते निघाले होते. इथे पावडरीच्या जागी मायक्रोप्रोसेसर ठेवून बघा. सिनेमा पहिल्या अर्ध्या तासात कोसळेल.

बिल ड्यूकचा ‘डीप कव्हर’ (१९९२) माझ्या मते या सगळ्यांत धारदार. सुरुवात पोलिसापासून होत नाही, व्यसनी बापापासून होते. नाताळात दारूचं दुकान लुटायला गेलेला बाप पोराच्या डोळ्यांसमोर गोळी लागून मरतो. तो पोरगा मोठा होऊन पोलीस होतो. आयुष्यात कसलीही नशा करायची नाही असं ठरवलेला हा माणूस लॉरेन्स फिशबर्नने उभा केला आहे. त्याला लॉस एंजेलिसात कोकेन विकणारा म्हणून पाठवतात, आणि तो खरोखर विकतो. त्याच्या शेजारी एक व्यसनी बाई लहान मुलाला घेऊन राहते. ती नशेपायी पोरगं विकायला काढते आणि शेवटी नशेनेच मरते. नायकाचा धंदा आणि तिचं मरण यांत दोन खोल्यांचंही अंतर नाही, आणि सिनेमा ते आपल्याला विसरू देत नाही. एवढं सगळं करून तो वर पोहोचतो तेव्हा कळतं, सगळ्यांत वरचा माणूस सरकारला राजकारणासाठी हवा आहे, त्याला हात लावायचा नाही. वरिष्ठ इथे मरत नाही, जिवंत राहून पाठ फिरवतो. सांगाड्यातला तो ठरलेला मृत्यू इतक्या चांगल्या रीतीने बदललेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. नायकही शेवटी पिस्तूल बाजूला ठेवून चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला बसतो.

खऱ्या तपासातला पेच पडद्यावर यावा असाच असतो. विश्वास मिळवायचा तर एखादी खेप पुढे जाऊ द्यावी लागते. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, १९८५ च्या एनडीपीएसमध्ये, त्यासाठी कलम ५०अ आहे. माल अडवायचा नाही, नजरेखाली पुढे जाऊ द्यायचा आणि घेणाऱ्यापर्यंत पोहोचायचं. नजर चुकली तर ती खेप कुणाच्या तरी अंगात जाणार. नायकाच्या गळ्याभोवती हा फास किती घट्ट बसेल! आपल्याकडे बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा लावतात, पंच उभे करतात, मुद्देमालाला सील लावतात. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असं म्हणण्याचा हक्क कलम ५० आरोपीला देतं. त्याला त्या हक्काची जाणीव करून देणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बलदेव सिंग खटल्यात सांगितलं. वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून आत राहिलेल्या माणसाची सगळी मेहनत त्या एका न उच्चारलेल्या वाक्यावर अडकू शकते. हा हक्क हवाच. तो नसेल तर ‘रश’मधल्या दोघांसारखे पोलीस कुणालाही अडकवू शकतील. दोन्ही बाजू खऱ्या असलेला असा झगडा समोर असताना आपण बंदरातल्या कंटेनरांमधला तोच गोळीबार पुन्हा पुन्हा का पाहायचा?

आणि गोष्ट तर आपल्या दारात आली आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ पर्यंत आपल्या कायद्याच्या यादीत नव्हतं. आता ते परदेशातून बोटीने आणायचीही गरज राहिलेली नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या एमआयडीसीत ते बनवणारे कारखाने पोलिसांनी उघडकीला आणले. पत्र्याची शेड, रसायनांची पिंपं, रिॲक्टर, ये-जा करणारे टेम्पो. तिथे शिरणाऱ्या पोलिसाला काळा चष्मा आणि महागडी गाडी उपयोगाची नाही. त्याला रात्रपाळीचा हेल्पर व्हावं लागेल, नाकाला रुमाल बांधून पिंपं हलवावी लागतील. शेजारी काम करणाऱ्या पोराला, आपण काय बनवतोय हे कळलेलं आहे की नाही, याचा अंदाज घेत राहावं लागेल. ते पोरगं त्याच्याबरोबर डबा खाईल, पगार थकला म्हणून तक्रार करेल. धाड पडेल तेव्हा बेड्या पहिल्यांदा त्या पोराच्याच हातात पडतील.

मराठीत हे कुणीतरी लिहावं. लिहिणाऱ्याकडे माझं एकच मागणं आहे. पहिली खेप कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडेल तेव्हा कॅमेरा नायकाबरोबर आत थांबवू नका. टेम्पोबरोबर जा, माल कुठल्या शहरात, कुठल्या गल्लीत उतरतो ते बघा, आणि तो घेणारा माणूस शेवटच्या दृश्यापर्यंत कथेत ठेवा.