बसल्या जागी चोवीस अब्ज

२०२५च्या मार्चअखेरीस रिझर्व्ह बँकेकडे ८७९.५८ टन सोनं होतं आणि त्याची किंमत होती सुमारे ७८ अब्ज डॉलर. सप्टेंबरअखेरीस सोनं झालं ८८० टनांच्या आसपास. म्हणजे सहा महिन्यांत वाढलं जेमतेम अर्धा टन. किंमत मात्र ऑक्टोबरात १०२ अब्जांवर जाऊन बसली. मुंबई-दिल्लीत या पराक्रमाचं फार कौतुक झालं. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कट्ट्याला नवल वाटलं नाही. हातपाय न हलवता एका जागी पडून राहिलं की किंमत वाढते, हा सिद्धांत कट्टा पिढ्यान्‌पिढ्या मांडत आलाय. घरचे ऐकत नव्हते. आता थेट केंद्रीय बँकेचा दाखला मिळाला.

खरा मान मात्र कट्ट्याचा नाही, शेजारच्या आक्कांचा. आक्कांच्या कपाटात साज आहे, पुतळ्यांची माळ आहे, पाटल्या आहेत. सोनं म्हणजे निजलेला पैसा, त्याला उठवा आणि कामाला लावा, असं सरकार आक्कांना साठ वर्षं सांगतंय. नुसतं सांगून भागेना म्हणून जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही. चौदा कॅरटचा साज म्हणजे मटणाविना तांबडा रस्सा. देशभरातले सोनार रस्त्यावर आले, सोन्याची हौस होती तिथंच राहिली, आणि चोरटं सोनं किनाऱ्यावर उतरू लागल्यानं हिंदी सिनेमाची खलनायकांची सोय झाली.

त्या काळात खुद्द रिझर्व्ह बँक काय करत होती? आपलं सोनं दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे या भावानं वहीत मांडत होती. रुपयाच्या १९६६च्या अवमूल्यनानंतर कायद्यात बसलेला हा दर. बाजारात भाव तीन हजारांवर गेला तरी वहीत आपले तेच चौऱ्याऐंशी. अखेर १७ ऑक्टोबर १९९०पासून जगाच्या बाजाराला धरून मोजायचं ठरलं. सुवर्ण नियंत्रण कायदाही त्याच वर्षी रद्द झाला. आपल्याकडच्या सोन्याला काय भाव येतो हे कळल्यावर माणूस जे करतो तेच मग सरकारनं केलं. वर्षाच्या आत ते गहाण टाकलं.

मे १९९१मध्ये २० टन सोनं परत घ्यायच्या बोलीवर स्विस बँकेला विकलं. जुलैत ४६.९१ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. मुंबईत विमानतळाकडे निघालेल्या सोन्याच्या गाडीचा टायर वाटेत फुटला, असं सांगतात. सगळं गुपचूप उरकायचं होतं, पण बातमी छापून आली. हे ऐकून आक्का म्हणाल्या, “मी बी थोरलीच्या लग्नात पाटल्या ठेवलो हुतो. पदराखाली झाकून नेलो. गल्लीत इचारलं तर सांगितलो, म्हायेरला चाललोय. टायरबियर काय फुटला न्हाई.”

कर्ज फिटलं, सोनं मात्र लंडनलाच राहिलं. सोडवलेला दागिना सावकाराच्याच तिजोरीत कोण ठेवतं, हे मला आक्कांना समजावून सांगता आलं नाही. पुढं २००९मध्ये याच देशानं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं ६.७ अब्ज डॉलरला विकत घेतलं. औंसाला १०४५ डॉलर! ऑक्टोबर २०२५मध्ये भाव ४००० डॉलर ओलांडून गेला आणि त्या २०० टनांचे २५ अब्जांवर झाले. मग घरची ओढ लागली. २०२४ साली आधी शंभर टन विलायतेतून परत आल्याची बातमी फुटली. पाठोपाठ आणखी १०२ टनांची, तीही ऐन धनत्रयोदशीला. आता निम्म्याहून अधिक सोनं मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत आहे. म्हणजे विकत घ्यायचं, अडीअडचणीला गहाण टाकायचं, सोडवायचं, घरी आणायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. साठ वर्षं उपदेश करून सरकार शेवटी आक्कांच्या कपाटापाशीच पोचलं.

एवढे अब्ज वाढले त्यातून काही मिळतं का, असं कट्ट्यावर एकानं विचारलं. नाही मिळत. ही वाढ नफ्यात धरत नाहीत. पुनर्मूल्यनाचं एक वेगळं खातं आहे, त्यात ती जाऊन पडते. देश श्रीमंत झाल्याचं वहीला माहीत, देशाला नाही. दुसऱ्या खिशाला मात्र चांगलंच माहीत आहे. लोकांनी खरं सोनं घेऊ नये म्हणून सरकारनं २०१५मध्ये सुवर्ण रोखे काढले. पहिल्या खेपेला ग्रॅमचा भाव होता २,६८४ रुपये. आठ वर्षांनी परत केले ६,१३२, वर दरसालचं व्याज वेगळं. सोनं महागलं की रिझर्व्ह बँकेची वही फुगते आणि सरकारची देणीही फुगतात. फेब्रुवारी २०२४नंतर नवे रोखे निघालेलेच नाहीत. त्याचा गाजावाजा झाला नाही.

यावर कट्ट्यानं एकमतानं ठराव केला, की तिसरी तिजोरी कोल्हापुरात काढावी आणि सगळ्या लगडींचे साज घडवून घरोघरी ठेवायला द्यावेत. इथल्या कपाटातलं सोनं काढायचं तर सासू, नणंद आणि दोन जावा यांची मंजुरी लागते. असा पहारा लंडनलाही नाही. मजुरी किती पडेल, मोडताना सोनार लाख काढून घट किती धरेल, याचा हिशेब सुरू झाला. कट्ट्यावरच्या अर्थतज्ज्ञानं मोबाईलवर आजचा भाव काढला, त्याला ८८० टनांनी गुणलं आणि शून्यं मोजू लागला.

आक्का दारातून म्हणाल्या, “आरं, त्यो भाव एका तोळ्याचा हाय. एवढं सगळं एकदम मोडाय न्हेलं, तर गुजरीतल्या सोनारांकडं त्योच भाव ऱ्हाईल व्हय?”

अर्थतज्ज्ञानं मोबाईल खिशात घातला आणि चहाची आठवण काढली.