भाऊंचे पाहुणे

तारकर्लीकडच्या कुठल्याही वाडीत जा, एक भाऊ भेटतोच. माडांत घर, तीन खोल्या, त्यांतल्या एकीला एसी, जेवण मागच्या पडवीत. भाडं हंगामावर ठरतं आणि थोडं गाडीच्या नंबरावरही. एमएच 12 दिसली की घासाघीस होणार हे धरून भाऊ आकडा आधीच चढवून सांगतात.

नोंदणी सोडली तर भाऊंकडे सगळं आहे. कोणी विचारायला आलंच तर उत्तर ठरलेलं: "पावणे आसत माझे." लुधियानाचं जोडपं मावशीकडचं, बंगळूरची पोरं भाच्याची दोस्तमंडळी. एकदा एक जर्मन उतरला. परदेशी माणूस ठेवला तर चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. भाऊंनी फक्त सुरमई भरली होती, रवा लावून. पोलीस दारात आले. भाऊ म्हणाले, "हो माझ्या मामेभैनीचो घोव." जर्मनाने सोलकढीचा पेला वर करून दुजोरा दिला. पोलिसांनी पासपोर्ट मागितला आणि नातं तिथेच तुटलं.

तेव्हा कुठे भाऊंनी कायदेशीर व्हायचं मनावर घेतलं. खरं तर सरकारची 'न्याहारी व निवास' योजना अशाच घरांसाठी आहे. मालकाने त्याच घरात राहायचं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, आल्यागेल्याची वही ठेवायची. ही वही भाऊंना जरा खुपते, कारण त्यात नातं लिहायला रकाना नाही. वहिनी मात्र खूश. 2023 च्या 'आई' धोरणात बाईच्या नावावर धंदा असेल तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत मिळतं, हे कात्रण त्यांनी केव्हाच फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं.

अडलं ते घराच्या उताऱ्यावर. घर पणजोबांचं, कोकणातल्या रीतीप्रमाणे सामायिक. उताऱ्यावरचे काही जण स्वर्गात, बाकीचे लालबाग, डोंबिवली आणि नालासोपाऱ्यात. स्वर्गातल्यांचे वारस शोधायचे आणि उरलेल्यांची संमतीपत्रं आणायची. अख्ख्या भारताला भाचा-पुतण्या करून घेणारा हा माणूस इथे हतबल झाला. डोंबिवलीच्या काकांशी एका फणसावरून बोलणं बंद आहे. नालासोपाऱ्याची आत्या म्हणाली, "सही करतंय, पण माझो वाटो खंय?" लालबागवाल्यांनी तर फोन उचलून "राँग नंबर" म्हटलं, तेही भाऊंना ओळखू येणाऱ्या आवाजात.

शेवटी गणपतीला सख्खा चुलतभाऊ सहकुटुंब आला. कागद वाचला, चष्मा काढला, सही करायला तयार झाला. अट एकच, मुक्काम एसीच्या खोलीत. भाऊंनी खोली आनंदाने उघडून दिली. पाचव्या दिवशी विसर्जन झालं, मंडळी निघाली, पेन बाहेर आलं, आणि सवयीचा हात तो, भाऊंनी संमतीपत्राबरोबर चार रात्रींचं बिलही पुढे केलं.

हंगामाचा दर लावला होता.