सबबीचा रकाना

स्वतःला सुधारण्याच्या कामी अहोरात्र गुंतलेला आणि त्यापायी सुधारण्याची मुळीच इच्छा नसलेल्या सालस माणसांना हैराण करून सोडणारा एक गृहस्थ प्रत्येक गावाच्या वाट्याला येतोच. तेव्हा त्या जातीची ओळख करून देण्यात वाचकांचा वेळ न दवडता मी थेट जित्याच्या फलाटावर येतो. पनवेल-रोहा मार्गावरील या लहानशा स्थानकात थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, न थांबता धडधडत कोकणात जाणाऱ्या पुष्कळ. सबब गाडीची वाट पाहणारा माणूस येथे बराच वेळ एका जागी सापडतो, आणि असा सापडलेला माणूस म्हणजे आमच्या अण्णांची हक्काची रयत होय. बगलेत लाल कापडी बांधणीची वही घेऊन ते बाकावर येऊन टेकतात, चष्मा पुसतात, आणि समोरच्याची प्रकृती, मुलेबाळे, भाताचे पीक यांपैकी कशाचीही विचारपूस न करता एकदम विचारतात, "बोला, कालच्यापेक्षा आज तुमच्यात अधिक काय झालं?"

"वजन," असे उत्तर मागे एका मासळीवालीने दिले होते. अण्णांनी तेही टिपून घेतले.

अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेस जातात, नातवंडे खेळवतात किंवा भाऊबंदांशी बांधाच्या हद्दीवरून दावे लावतात; परंतु ज्याने उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी ठेवण्यात घालविली, त्याला स्वतःचीच नोंद कोठे नाही ही जाणीव उतारवयात फार बोचली असावी. त्यांनी स्वतःचे दफ्तर उघडले. त्यात रोजकीर्द आली, खतावणी आली, पहाटे उठणे, मिताहार, नमस्कार, वाचन, मौन आणि सायंफेरी अशी सहा कलमे आली, आणि प्रत्येक कलमापुढे तीन रकाने आले : ‘तामील’, ‘बाकी’ आणि ‘सबब’. इतरेजन संकल्पांचा प्रारंभ पाडव्याला करतात, नव्या चालीचे लोक १ जानेवारीला करतात. अण्णांचे वर्ष मात्र १ ऑगस्टला उजाडते, कारण महसुली वर्ष त्या दिवशी सुरू होते. शिवाय ती लोकमान्यांची पुण्यतिथी, आणि लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष केवळ शरीर कमावण्यात घालविले होते, हा दाखला त्यांच्या जिभेवर तयार असतो.

अशा दाखल्यांची त्यांच्यापाशी वाण नाही. विनोबा ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले आणि पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख मूळ रोह्याच्या घराण्यातले. त्या अर्थी पेण ते रोहा या टापूच्या हवापाण्यात नियमितपणाचे काहीतरी द्रव्य असलेच पाहिजे, असा त्यांचा कौल आहे. याच हवापाण्यावर प्रस्तुत लेखकही वाढला आहे, ही गोष्ट या सिद्धान्ताला बाधक असल्यामुळे अण्णा तिचा उल्लेख सौजन्याने टाळतात.

पहिल्या वर्षीच एक पेच उभा राहिला. नव्या मुंबईत नोकरी करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने त्यांना सांगितले की, हल्लीच्या इंग्रजी पुस्तकांच्या मते माणसाने रोज एक टक्का सुधारावे, म्हणजे वर्षअखेर तो सदतीस पटींहून अधिक सुधारतो. अण्णांनी प्रथम हरकत घेतली ती व्याजाच्या दराला. "रोज एक टक्का, आणि तेही चक्रवाढ? अरे, सावकारी कायद्यात आत जाशील!" तथापि रात्री कंदिलासारखा मिणमिणणारा आपला दिवा जवळ ओढून त्यांनी स्वतः हिशेब मांडला, तो बरोबर निघाला, आणि सकाळी त्यांची मुद्रा गुप्तधन सापडल्यासारखी झाली होती. समर्थ रोज बाराशे नमस्कार घालीत अशी परंपरा आहे. बारा नमस्कारांपासून आरंभ करून रोज एक टक्का चढ धरली तर ४६३व्या दिवशी बाराशेचा आकडा ओलांडतो, असे त्यांनी आम्हांला फलाटावर सिद्ध करून दाखविले.

अडचण दुसऱ्याच दिवशी आली. बारा नमस्कारांचा एक टक्का म्हणजे शून्य पूर्णांक बारा शतांश नमस्कार. सामान्य मनुष्याने हा अपूर्णांक सोडून दिला असता. पण ज्याने शेतसाऱ्यातली पैही कधी सोडली नाही, त्याने नमस्कारातला शतांश का सोडावा? एका नमस्कारात बारा आसने, त्याअर्थी आजची वाढ सुमारे दीड आसनाची, असा निर्णय करून अण्णांनी बारा नमस्कार पूर्ण केले, तेराव्याच्या आरंभीचे हात जोडले, ते अर्धवट डोक्याकडे नेले, आणि तेथेच थांबून वहिनींना म्हणाले, "आजचं झालं." त्या वेळी दूध घालायला आलेला गवळी दारात उभा होता. अण्णांनी आपल्याला पाहून हात वर केले, म्हणजे आता उधारीबद्दल काही दिवस विचारू नये, असा अर्थ त्याने घेतला. नवव्या दिवशी अपूर्णांकांची बेरीज होऊन तेरावा नमस्कार अखंड उभा राहिला, तेव्हा घरात शिरा झाला; आणि त्याच दिवशी, शिऱ्यामुळे, मिताहाराचे कलम मोडले.

सबबीच्या रकान्याचा खरा उत्कर्ष मला वाटते येथून सुरू झाला. अण्णांच्या दफ्तराचा कायदा असा की, कलम मोडले तरी चालेल, परंतु सबबीवाचून मोडता कामा नये. आणि सबब अशी असावी की वरिष्ठांना ती फेटाळता येऊ नये. येथे वरिष्ठ तेच व कनिष्ठही तेच. ती वही मी वाचली आहे. पहिल्या वर्षातल्या सबबी बाळबोध आहेत : ‘झोप लागली’, ‘पाहुणे’, ‘डोके दुखले’. दुसऱ्या वर्षी भाषेला वळण आले : ‘पहाटे उठणे तामील नाही. सबब : पर्जन्याचा जोर असल्याकारणाने उजाडल्याची वर्दी आकाशाकडून वेळेवर पोहोचली नाही.’ तिसऱ्या वर्षी मौनाच्या कलमापुढे असे लिहिलेले आढळते : ‘मौन भंग. सबब : मौनाचे महत्त्व अनेकांना समजावून सांगणे भाग पडले.’ थंडीच्या दिवसांत, वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे त्या भाजायला शेतात मडकी उपडी होतात, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास वाऱ्यावर येतो, आणि तेव्हाच्या सर्व पानांवर मिताहारापुढे एकच शब्द आहे : ‘पोपटी.’ त्यापुढे पूर्णविराम. एवढी निर्विवाद सबब न्यायासनासमोरही क्वचित मांडली गेली असेल.

सायंफेरीची हकीकत याहून गंभीर आहे. अण्णांनी फेरी ठरविली ती महामार्गाच्या कडेने, आणि महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम तर पळस्प्यापासून इंदापूरपर्यंत २०११ साली निघाले. तेव्हा त्या कलमापुढे नोंद झाली : ‘स्थगित. सबब : रस्त्याचे काम पूर्ण झाल्यावर फेरी सुरू करण्यात येईल.’ रस्ता वर्षानुवर्षे रेंगाळला. फेरीही त्याच्या पावलावर पाऊल ठेवून रेंगाळली. आपल्या एका कलमाच्या दिरंगाईला एवढ्या मोठ्या कामाची सोबत मिळाली याचा अण्णांना मनातून अभिमान वाटत असावा, कारण दर ३१ जुलैला ती बाकी पुढे ओढताना त्यांचे अक्षर विशेष वळणदार येते.

एकदा त्यांनी दुपारची झोप सोडण्याचे ठरविले. हा वहिवाटीतला बदल, म्हणून त्याची नोंद फेरफाराप्रमाणे व्हावी आणि हितसंबंधी इसमांना पंधरा दिवसांची मुदत मिळावी, या हेतूने त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर रीतसर नोटीस डकविली. चौथ्या दिवशी हरकत दाखल झाली. वहिनींनी कॅलेंडराच्या मागच्या बाजूस लिहिले होते : ‘दुपारी हे जागे राहिल्यास माझ्या एकमेव विश्रांतीस बाधा येते. सबब नोंद मंजूर करू नये.’ अण्णांनी उभय पक्षांचे म्हणणे ऐकले, एक पक्ष स्वतःच असूनही निःपक्षपातीपणे ऐकले, नोंद रद्द केली आणि निकाल देऊन ते झोपले. पतीला सबबीचे शास्त्र शिकविण्याची पात्रता या घरात दुसऱ्या कोणात असेल तर ती वहिनींत आहे.

जगात असल्या वह्या ठेवणारे ते पहिले नव्हेत. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची यादी करून एका लहान वहीत तांबड्या शाईने रकाने आखले होते; दर आठवड्याला एका सद्गुणावर विशेष लक्ष, दोष घडला की काळा ठिपका, आणि तेरा आठवड्यांची फेरी वर्षातून चार वेळा. व्यवस्थितपणाच्या गुणाने आपल्याला सर्वांत अधिक छळले, अशी कबुलीही त्याने आत्मचरित्रात देऊन ठेवली आहे. ही माहिती मी मोठ्या उमेदीने अण्णांना पुरविली. त्यांनी वहीची रचना बारकाईने विचारून घेतली आणि खेदाने मान हलविली. "सबबीचा रकानाच नाही? मग काय उपयोग! माणूस नोकरीत नसावा." तो पोस्टमास्तर होता, असे मी सांगितले. "तरीच," अण्णा म्हणाले, "टपालात सबब चालत नाही. महसुलात चालते."

त्यांचा प्रचार हमरापुराकडच्या मूर्तींच्या कारखान्यांपर्यंत पोहोचला होता. ज्या टापूतून गणपती देशोदेशी जातात, तेथे ओळीने मांडलेल्या शेकडो मूर्तींपुढे बसून एक मध्यमवयीन कारागीर डोळ्यांची आखणी करीत होता; श्वास धरायचा, कुंचल्याचे टोक टेकवायचे, एक कमान ओढायची, श्वास सोडायचा, पुढची मूर्ती. अण्णांनी त्याला विचारले की, कालच्यापेक्षा आज हात किती टक्के सुधारला याची काही नोंद ठेवता काय. त्याने मान वर केली नाही. "अन्ना, लिवत बसलू त डोलं कोन कारील?" एवढेच म्हणाला आणि दुसरा डोळा काढला. अण्णांनी त्या दिवशी वाचनाचे कलम मोडले. सबबीच्या रकान्यात ‘चिंतन’ असे लिहिले आहे.

इतक्या वर्षांत अण्णा सुधारले काय? पहाटे ते पूर्वीइतक्याच उशिरा उठतात, नमस्कार बाराच्या आगेमागे घोटाळत आहेत, आणि मौनाविषयी न बोलणे बरे. सुधारले ते एकच : सबबीचे गद्य. रोज थोडे थोडे, न चुकता, चक्रवाढीने ते सुधारत गेले आहे, आणि आजमितीस जिल्ह्यात इतके निर्दोष, डौलदार व अभेद्य मराठी लिहिणारा दुसरा कोणी असेल असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीची आपण रोज तालीम करतो तीच वाढीस लागते, हे अण्णांनी सप्रमाण दाखवून दिले. फक्त तालीम कशाची चालली आहे याची त्यांना वर्दी नव्हती.

येथे हे लेखन थांबले असते तर मला अधिक समाधान झाले असते, कारण अण्णांविषयी चार बरे शब्द लिहावे लागतील अशी माझी तयारी नव्हती. परंतु एका पौर्णिमेच्या रात्री, उधाणाच्या भरतीला, मला काही कामाने आमच्याच तालुक्यातल्या दादर गावाच्या बाजूला खारेपाटात जावे लागले. तेथे अण्णांच्या वडिलार्जित भातजमिनीचा एक तुकडा आहे. ज्यांना खारेपाट ठाऊक नाही त्यांना सांगायला हवे की, ही जमीन खाडीकडून मागून घेतलेली आहे आणि खाडी ते विसरलेली नाही. बाहेरच्या बांधाने भरतीचे पाणी अडवायचे, ओहोटीला उघाडीतून आतले पाणी सोडून द्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. पूर्वी पेणकडच्या शिलोत्री वहिवाटीत बाहेरच्या बांधाच्या डागडुजीचा भार शिलोत्रदाराकडे असे व कुळे त्यासाठी वेगळे भात देत. पुढे १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला आणि सरकार यात उतरले. कायदे बदलले तरी खेकडे बदलले नाहीत. खेकड्याने बांधात बोटभर बीळ पाडले की उधाणाला तेथून पाझर सुटतो, पाझराची धार होते, धारेची खांड जाते, आणि एकदा का खारे पाणी शेतात शिरले की ती जमीन पुढच्या हंगामालाही भात देईल याची शाश्वती नसते.

त्या चांदण्यात बांधावरून एक कृश आकृती वाकून चालत होती. खांद्यावर फावडे, हातात विजेरी. दहा-पाच पावलांवर ती थांबे, बांधाला कान लावल्यासारखी खाली वाके, चिखलाचा गोळा पेंढ्यात मळून बिळात कोंबी, त्यावर टाच देऊन दाबी, आणि पुढे सरके. ज्यांची सायंफेरी महामार्गाच्या रुंदीकरणासाठी खोळंबून होती तेच हे अण्णा, आणि ही फेरी पावसाळ्यातल्या प्रत्येक अमावास्येला व पौर्णिमेला ते वडील गेल्यापासून घालीत आले आहेत. स्वतःचा बांध संपला तरी ते थांबले नाहीत; शेजारचा मालक मुंबईला असतो, त्याचाही बांध त्यांनी तपासला.

मी विचारले, "अण्णा, हे वहीत दिसलं नाही कधी."

त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. "वहीत? ते काय सुधारणेत येतं? ते तर करायचंच असतं," असे म्हणून त्यांनी विजेरी माझ्या हातात दिली आणि पुढचे बीळ दाखविले. मग काही वेळ मी उजेड धरला आणि ते टाच देत राहिले. त्या सबंध वेळात त्यांनी मला कालच्यापेक्षा आज काय अधिक झाले असे एकदाही विचारले नाही, आणि मौनाचे कलम त्या रात्री पूर्ण तामील झाले. त्याचीही नोंद कोठे नाही.

वाचकांपैकी कोणी कधी जित्याला उतरला, तर अण्णा त्याला फलाटावर भेटतीलच. त्याने त्यांची वही अवश्य पाहावी, पोपटीच्या पानांची वाहवा करावी, पाहिजे तर चक्रवाढीचा हिशेब पुन्हा समजून घ्यावा. फक्त एक विनंती आहे. बांधाच्या फेरीचे एक नवे कलम वहीत उघडा, असे चुकूनही त्यांना सुचवू नये. कलम उघडले की त्याच्यापुढे सबबीचा रकाना येणार, अण्णा तो अप्रतिम भरणार, आणि पलीकडे दादरच्या बाजूला पुष्कळांची भातशेती आहे.