बेअर्स येणार त्या आठवड्यात कसे वागावे

डिसेंबर उजाडला, ग्रीन बेमध्ये पारा शून्याखाली गेला आणि येत्या रविवारी शिकागो बेअर्सशी सामना आहे असे लक्षात आले, की ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्याने सर्वप्रथम घाबरावे. हे काम सोमवारी सकाळीच उरकावे, मंगळवारवर ढकलू नये. बेअर्स यंदा किती वाईट खेळत आहेत याचा आणि या घाबरण्याचा संबंध नाही. ‘ते अगदीच भिकार आहेत’ आणि ‘ते आपल्याला हरवणार’ ही दोन्ही मते एकाच वाक्यात, आवाज न बदलता मांडता आली पाहिजेत.

(हे मार्गदर्शन विस्कॉन्सिनच्या, म्हणजे पॅकर्सच्या, चाहत्यांसाठी आहे. शिकागोकरांनी नावे उलटी करून वाचावे. बाकी काही बदलावे लागणार नाही.)

घाबरून झाल्यावर कागद-पेन्सिल घ्यावी. एनएफसी कॉन्फरन्सच्या नॉर्थ या गटात चार संघ: पॅकर्स, बेअर्स, डेट्रॉइट लायन्स, मिनेसोटा व्हायकिंग्ज. प्रत्येकाची उरलेल्या तिघांशी वर्षात दोनदा गाठ पडते. एकूण सामने १७. कॉन्फरन्समधल्या १६ संघांपैकी सात प्लेऑफला जातात, चार गटविजेते आणि तीन वाइल्ड कार्डवाले. इथवर सोपे आहे. खरी मौज टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या नियमांत. गटात दोन संघांची बरोबरी झाली तर आधी आपसातले सामने पाहतात, मग गटातली कामगिरी, मग समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, मग कॉन्फरन्समधली, आणि असे उतरत उतरत शेवटी नाणेफेक. शाळेत काळ-काम-वेगाच्या उदाहरणाला रडलेला माणूस डिसेंबरात हे सगळे तोंडपाठ म्हणतो. हिशेबाचे सार इतकेच, की आपण जिंकावे, डेट्रॉइटने हरावे, मिनेसोटानेही हरावे. आणि ते दोघे नेमके एकमेकांशीच खेळत असतील तर पंचांनी काहीतरी मार्ग काढावा.

बुधवार इतिहासासाठी राखून ठेवावा. दोन्ही संघ १९२१ पासून भांडत असल्याने साठा भरपूर आहे, पण निवड काळजीपूर्वक करावी. २९ डिसेंबर २०१३ चा सामना विचारले नसतानाही सांगावा: शिकागोत, सीझनचा शेवटचा दिवस, जिंकेल त्याचा गट. मिनिटभरही उरलेले नाही, चौथा म्हणजे शेवटचा डाउन, आठ यार्ड जायचे बाकी आणि पॅकर्सचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्सने रँडल कॉबकडे ४८ यार्डांचा टचडाउन फेकला. ३३-२८. सांगताना उभे राहावे.

२०२४ च्या सीझनबाबत मात्र सावध असावे, कारण तिथे दोन्ही सामने शेवटच्या किकवर ठरले. नोव्हेंबरात बेअर्सची किक पॅकर्सने अडवली आणि २०-१९ ने जिंकले. याला ‘कौशल्य’ म्हणावे. ५ जानेवारी २०२५ ला ग्रीन बेच्या लँबो फील्डवर तीच किक आरपार गेली, बेअर्स २४-२२ ने जिंकले आणि पॅकर्सची बेअर्सवरच्या सलग ११ विजयांची माळ तुटली. याला ‘योगायोग’ म्हणावे, आणि प्लेऑफमधली आपली जागा आधीच पक्की होती हे लगेच जोडावे. समोरच्याने अकराव्यांदा ‘बरं, बरं’ म्हटले की विषय बदलावा.

२०२१ मध्ये रॉजर्सने शिकागोच्या प्रेक्षकांकडे बघून आपण अजूनही तुमचे मालक आहोत असे ओरडून सांगितले होते. हा प्रसंग काढू नये असे माझे मत आहे. दोनच वर्षांत तो न्यूयॉर्कच्या संघाकडे गेला, आणि शिवाय मालकीचा विषय ग्रीन बेमध्ये नाजूक आहे. हा संघ कुणा शेठचा नाही, पाच लाखांहून जास्त भागधारकांचा आहे. भागाला लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही. तरी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले असते आणि घरमालक त्याकडे सातबाऱ्याकडे बघावे तसा बघतो.

पोशाख. चीजहेड, म्हणजे डोक्यावर घालायचा फोमचा पिवळा त्रिकोणी चीजचा तुकडा, आदल्या रात्रीच शोधून ठेवावा. शिकागोकडचे लोक विस्कॉन्सिनवाल्यांना ज्या नावाने हिणवायचे, तेच १९८७ मध्ये राल्फ ब्रुनोने सोफ्याचा फोम कापून डोक्यावर चढवले. नारिंगी रंग बेअर्सचा, म्हणून वर्ज्य. हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांची यात पंचाईत होते, कारण भडक नारिंगी घालणे कायद्यानेच आले. पण २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो, त्या सवलतीचा लाभ घ्यावा. स्टेडियममध्ये पायाखाली पुठ्ठा टाकावा, नाहीतर काँक्रीट तळव्यातून वर चढते. बर्फ पडला तर संघ गावकऱ्यांना फावडी मारायला बोलावतो. ताशी पैसे मिळतात. जावे.

नोकरीनिमित्त मिलवॉकीत आलेल्या मराठी माणसाने या आठवड्यात ऑफिसात क्रिकेटचे दाखले देऊ नयेत. बिअरमध्ये शिजवलेले ब्राटवर्स्ट चालत नसेल तर चीज कर्ड्सवर भिस्त ठेवावी. ताजे असले तर दाताखाली कुचकुच वाजतात. दुपारी बाराचा सामना म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेअकरा, तेव्हा ऐन टचडाउनला आईचा फोन यायची धास्ती नाही. सून शिकागोची असेल तर तिला माहेरी पाठवू नये. ती तिथे आपला टायब्रेकरचा हिशेब फोडते.

जॉर्ज हॅलस या बेअर्सच्या संस्थापकाबद्दल वाईट बोलायचे असेल तर दार लावून बोलावे. १९५६ मध्ये ग्रीन बेच्या मतदारांपुढे नव्या स्टेडियमचा प्रश्न होता, तेव्हा हा गृहस्थ स्वतः गावात येऊन ‘हो म्हणा’ असे सांगून गेला. लोकांनी हो म्हटले, स्टेडियम उभे राहिले, आणि १९५७ मध्ये तिथल्या पहिल्याच सामन्यात त्याच्याच संघाला २१-१७ ने हरवून परत पाठवले. पाहुणचार कसा असावा, याचा ग्रीन बेमध्ये हाच दाखला देतात.

रविवारी जिंकल्यास आनंद करावा, पण बेताने. डेट्रॉइटचा निकाल अजून यायचा असतो.