बैठी गाडी

थोरल्या भावाचे शर्ट घालत वाढल्यामुळे दुसऱ्याने वापरलेली वस्तू घ्यायची नाही, असा माझा बाणा होता. पण वस्तू जर्मन असली, लाल असली आणि तिला दोनच दारं असली, की ती जुनी राहत नाही, 'प्री-ओन्ड' होते, हे ज्ञान मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी झालं. विकणारा मुलगा तर 'प्री-लव्ह्ड' म्हणाला. म्हणजे आधी कुणीतरी प्रेम केलेली.

"मग ते आटलं कशानं?" हिने विचारलं.

मी हिला सचिनची गोष्ट सांगितली. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 साली त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली, तीही साक्षात शूमाकरच्या हातून. तिच्या आयात शुल्कावरून देशभर वादंग झालं. पुढे 2011 मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने घेतली. म्हणजे फेरारीवालासुद्धा सेकंडहँडवालाच!

"त्याने सचिनची घेतली. तुम्ही कुणाची घेताय?"

मी आरसी पाहिली. माझ्या आधी दोघेजण होऊन गेले होते आणि दोघांचीही शतकं नव्हती. तरी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या ठोकल्या, आधीच्याचं कर्ज आरसीवरून उतरवायला फॉर्म 35 होता तोही दिला, आणि एके काळी साठ लाखांच्या घरात असलेली गाडी साध्या नव्या एसयूव्हीच्या भावात घरी आणली. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, हा धडा टायर बदलताना मिळाला. त्यावर बोलायची अजून ताकद नाही.

आता खरं सांगतो. ही गाडी मी पुण्यासाठी घेतलीच नव्हती. पुण्यात सिग्नलला शेजारी कोण उभं आहे हे कुणी बघत नाही. मला ती गावाकडे, आंबवड्यात न्यायची होती. श्रावणी सोमवारी, नागेश्वराच्या दर्शनाला सगळं गाव लोटलेलं असताना, दहावीला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडलेल्या झाडून सगळ्यांच्या समोर.

शेजारच्या सीटवर आईला बसवलं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही नाराज. बसली म्हणजे काय, वरून सोडली. "पंगतीत बसल्यासारखं वाटतंय," म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

कापूरहोळला हायवे सोडून भोरकडे वळलो आणि पहिला ब्रेकर आला.

या विषयावर माझा आता अभ्यास झालेला आहे, तेव्हा वाचकांनी थोडी कळ काढावी. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मते गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून 12 सेंटिमीटरवर. माझं पोट गाडीत बसलं की अकरा. म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर शिल्लक राहतो. पण हा कागद आमच्या भागापर्यंत पोचलेला नाही. आमच्याकडे ब्रेकरच्या जाती आहेत. एक पाइपलाइनचा. रस्त्याच्या अलीकडे विहीर, पलीकडे वावर. रात्रीतून चर खणायचा, पाइप टाकायचा, वर सिमेंटचा वरवंटा ओढायचा. दुसरा सप्त्याचा. हरिनाम सप्ताहात रस्त्यावर गर्दी होते म्हणून सात दिवसांपुरता मुरूम टाकतात. सप्ताह उठतो, ब्रेकर बसतो. तिसरा पुढाऱ्याच्या दारातला. हा निवडून आल्यावर होतो आणि पडल्यावरही राहतो. त्याला मी माजी ब्रेकर म्हणतो. चौथ्याला जात नाही. तो झाडाच्या सावलीत झोपलेला असतो आणि त्याच्यावरून गेल्यावरच कळतो.

हे सगळे तिरके ओलांडायचे असतात. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं, श्वास रोखून पोट पुढे सरकवायचं, मग मागची दोन. मागच्या बाइकवाल्याला वाटतं, हा वळतोय. तो डाव्या अंगाने घुसतो, आत डोकावतो आणि आईकडे बघून "काकू, ढकलू का?" विचारतो. एवढं करूनही खालून आवाज येतोच. करपलेल्या खिरीचं पातेलं उलथन्याने खरवडावं, तसा. सव्वादोनशे घोड्यांची ताकद असलेली गाडी मी श्रावणातल्या त्या हिरव्यागार भातखाचरांमधून म्हशीच्या चालीने नेत होतो. एक म्हैस पुढेही गेली.

आईचे ओठ हलत होते. मला वाटलं, नागेश्वराचा जप चाललाय.

"सव्वीस झाले," ती म्हणाली.

सत्ताविसावा शाळेपाशी होता. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत ओबडधोबड. तिरकी घेऊनही गाडी मधोमध टेकली, आणि त्याच्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल मी जे बोललो ते आईदेखत बोलायला नको होतं.

"घमेली तूच वाहिली होतीस की," आई म्हणाली.

मी विसरलो होतो. आम्ही सहावीत. आमच्याच वर्गातली एक मुलगी शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत होती आणि विटांचा ट्रक उतारावरून आला. ती परत शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी कुणी अर्ज केला नाही, कुणी मोजमाप घेतलं नाही. गावातल्या बाप्यांनी ओढ्यातून दगड आणले, आम्ही पोरांनी मुरूम आणला आणि अंधार पडेपर्यंत धुमस घालत राहिलो. किती उंच करायचा, असं कुणी विचारलं नाही. नंतर त्याच्यावर डांबर चढलं, पांढरे पट्टे आले, पट्टे पुसले. मी गाडी बंद केली. थोडा वेळ आम्ही तसेच बसलो. मग शाळेच्या दोन पोरांनी मागून उचलल्यासारखं केलं आणि गाडी सुटली.

आंबवड्यात अपेक्षेप्रमाणे गर्दी जमली. गणितात पहिला आलेला पुढे झाला, वाकला, चारी चाकं बघितली.

"हवा कमी हाय का रं? लईच खाली बसलीय."

"अशीच असते."

"अशीच?" त्याने डिकी उघडायला लावली. "आंबेमोहराची पोती किती मावत्यात?"

"अर्धं."

"स्टेपनी कुठंय?"

स्टेपनी नव्हती. फेस भरायचा डबा आणि छोटा पंप होता. ते सांगितल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात, तसा.

देवळाकडे जाणाऱ्या संस्थानकाळच्या झुलत्या पुलावरून गाडी जात नाही, त्यामुळे नागेश्वराला ती दाखवायची राहूनच गेली. याच गावात शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. 1707 साली ताराराणी की शाहू, या पेचात त्या माणसाने प्राण सोडला. मी तिथे उभा राहून परतीला सव्वीस ब्रेकर की सत्तावीस, याचा विचार करत होतो.

आईला गाडीतून काढायला दोन बायका लागल्या होत्या. एकीने काखेत हात घातले, दुसरीने पाय बाहेर घेतले. आई हसत होती, पण गुडघा सरळ करताना तिने दाराची कड ज्या ताकदीने धरली, ते मी पाहिलं. घरी चार दारांची उंच, साधी गाडी होती. ती मी हिच्या भरवशावर देऊन टाकली होती. म्हणजे हिला न विचारता.

दर्शन झाल्यावर आई म्हणाली, "तू हो पुढे. मी माझी येते." गुडघ्याचं नाव काढलं नाही. भोरला जाणारी एसटी उभीच होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीत तिकीट नाही, आणि पायरीला धरायला दांडा असतो. कंडक्टरने "या आजी" म्हणत हात दिला. ती खिडकीशी बसली, माझ्यापेक्षा चांगली चार फूट उंच, आणि तिथून तिने मला हात केला.

भोरला गाडी बदलून ती स्वारगेटला उतरली, रिक्षाने घरी गेली, आणि मी पोचलो तेव्हा तिचा दुसरा चहा चालला होता.